आईचा गंधार

रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? भावोजींचा खोकला थांबला असेल असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे ठीक. गोटूचा पुढचा दात एकदाचा पडला आणि त्या खिंडीतून शीळ घालण्याचा उद्योग त्याने दिवसभर चालवलाय. टिटवी अशी वाढतेय की मागच्या वर्षीच्या तिच्या पँटी आता घोट्याच्या वर लटकतात. तुझे मेहुणे लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि स्वतःच्या घरी जिन्याने चढून येतात, कारण आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या कंपनीची आहे आणि तिच्यावर त्यांचा विश्वास नाही.

तुझी कानउघाडणी पोचली. मी ती आधी रागाने वाचली आणि मग तुझ्या बाजूने वाचली. ही माझी जुनी खोड तुला माहीत आहे. भांडण माझं असलं तरी समोरच्याची वकिली मीच करत बसते आणि शेवटी हरते. या वेळी हरायचं नाही असं ठरवून लिहायला बसलेय.

तू आमच्याकडे राहायला आलीस, मुलांना गायला बसवलंस, फोनवर तानपुरा लावलास, आणि टिटवी गंधारावर आली तशी तुझा चेहरा आंबट झाला. तेव्हा काही बोलली नाहीस. घरी जाऊन लिहिलंस, की दोन्ही मुलांचा गंधार उतरलेला आहे. एखाद्या वेळी घसरला असता तर तू समजून घेतलं असतंस, पण तो दर वेळी त्याच जागी, तेवढाच उतरतो, म्हणजे कानच तसा घडलाय. मोठीचा कान वाया गेला, धाकट्याचा तरी वाचव, असं तू म्हणतेस. शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं की दोघांनी तुझ्याकडे यायचं, तुझ्या शाळेत जायचं, संध्याकाळी तुझ्यापुढे बसायचं. तुझ्याकडची मागची खोली रिकामीच आहे.

ताई, पेटीचा एक सूर उतरलाय. बास, एवढंच झालंय. मुलं काळी पाचमध्ये गातात, त्यांचा गंधार पांढरी दोनवर येतो आणि ती पट्टी बिघडली आहे. या वर्षी हवा विचित्र आहे, आधी कोरडी, मग दमट. पितळेच्या पत्तीला ते सोसत नाही. मी पेटी उघडून ठीक करीन. मी पेटीला दोष देणार हे ओळखून तू आधीच लिहिलंस, ‘नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुझं गाता येईना पेटी वाकडी.’ वाचून मला हसू आलं हे कबूल करते. पण इथे अंगण खरंच वाकडं आहे.

आता शाळेबद्दल. मुलांना मी घरी का ठेवलं हे तू दर वेळी नव्याने विचारतेस, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. गोटूच्या शाळेत समूहगान होतं. त्याचा सूर लागत नव्हता, हे खरं. बाईंनी त्याला मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, तू नुसते ओठ हलव. कार्यक्रम छान झाला. त्यानंतर तो घरीही ओठच हलवायला लागला. माझ्या वाढदिवसाला आम्ही गात होतो आणि हा केकसमोर उभा राहून, तोंड उघडून, आवाज न काढता, अगदी तालात ओठ हलवत होता. वर्गात टिटवीचा चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जायचा, ते मी सोसलं होतं. हे सोसलं नाही.

तू म्हणशील, समूहगानात शिस्त लागते. तुझ्या शाळेतही मागच्या रांगेत ओठ हलवणारी मुलं आहेत. मी स्वतः पाहिली आहेत, तुझ्याच कार्यक्रमात, दुसऱ्या ओळीत बसून. तू उत्तम शिकवतेस यात मला शंका नाही. पण ती मुलं घरी जाऊन काय करतात ते तुला माहीत नाही, आणि मला माहीत आहे.

आमच्याकडे काय चालतं ते तू पाहिलंस, पण गंधाराच्या रागात पाहिलंस. पुन्हा सांगते. स्वयंपाकघरापासून दारापर्यंतच्या बोळात भिंतीला लांबच लांब कोरा कागद चिकटवलाय. गाणं गायचं आणि ते कोळशाने भिंतीवर चालवायचं. सूर वर गेला की रेघ वर. थांबला की तिथे काहीतरी काढायचं. भूप शिकताना गोटूने ‘सा’च्या जागी दार काढलं, पंचमाच्या जागी खिडकी आणि गंधाराच्या जागी खुर्ची, कारण म्हणे तिथे बसावंसं वाटतं. गंधार हा भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. हे तुझ्या कुठल्या परीक्षेत बसतं ते मला ठाऊक नाही. पण ज्या मुलाने वर्षभर आवाज काढला नव्हता तो आता इतक्या मोठ्याने गातो की खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विनंती पाठवली, दुपारी जरा हळू, पेशंट घाबरतात.

मार्चमध्ये शिक्षणखात्याच्या तपासनीस बाई येणार आहेत. त्या बघतील, ऐकतील आणि मुलं घरी शिकणार की शाळेत जाणार ते ठरवतील. तुला वाटतं माझं हसं होईल. होऊ दे. मुलं कुठेही जाणार नाहीत.

राहता राहिलं तुझं शेवटचं वाक्य, ‘आप्पांच्या कानाला हे ऐकू कसं आलं नाही?’ आप्पांनी आपली वाटणी लहानपणीच करून टाकली होती. मोठी म्हणजे गळा, धाकटी म्हणजे कान. तुला तानपुऱ्यापुढे बसवलं आणि मला त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात, पेट्यांच्या उघड्या पोटांपुढे. मी एक ओळ गायले की म्हणायचे, तू गाऊ नकोस, तू सांग. आणि मी सांगायचे, हा चढा, हा उतरलेला, हा बरोबर. त्यांचा हात थरथरायला लागल्यावर पत्ती घासायची कानसही माझ्याकडे आली. त्यामुळे तुझं ते वाक्य मला कुठे लागलं असेल ते तुला कळेल. उत्तर वर दिलंच आहे. हवा.

फोन करू नकोस. फोनवर आपण भांडतो. पत्रच लिही. आणि आलीस तर दाराची घंटी वाजवत बसू नकोस, ती बिघडली आहे. तुझ्या मेहुण्यांनी तिला एक दिवा जोडून दिलाय, तो लागतो.

तुझी धाकटी,
आप्पांचा कान


शनिवार, २४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं, गुडघ्याची बातमी वाचून बरं वाटलं. आम्ही बरे आहोत असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहिते. पण मागच्या पत्रात हवेबद्दल जे लिहिलं ते आधी मागे घेते. हवेचा काही दोष नाही.

पत्र टाकून आल्यावर मी बोळात नवा कागद लावायला जुना काढत होते. खुर्चीपाशी थांबले. गोटूच्या खुर्चीखाली बोटभर अंतरावर दुसरी एक खुर्ची होती, पेन्सिलने, अगदी पुसट. रेघ टिटवीची होती, तिचा हात मला कळतो. पुढच्या ओळीत पुन्हा तेच. वर कोळशाची खुर्ची, खाली पेन्सिलची. जिथे जिथे गंधार तिथे तिथे दोन.

गोटू जमिनीवर बसून चिकटपट्टीशी खेळत होता. मी विचारलं, ही खालची कोणाची?

“आईची,” तो म्हणाला.

“आईची म्हणजे?”

“म्हणजे तुझी. वरचा खरा ग आहे आणि हा आईचा ग. पेटीबरोबर किंवा तुझ्यासमोर गायचं असेल तर आईचा लावायचा. बाथरूममध्ये खरा लावला तरी चालतो.”

इतकं सहज सांगितलं त्याने. जसं चपला बाहेर काढायच्या, तसं. टिटवी आतून धावत आली आणि त्याच्या दंडाला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. मी तिला रागावले नाही. विचारलं फक्त, तुला कधीपासून कळतंय. ती नखाखालचा कोळसा काढत राहिली. मग म्हणाली, “तू अख्खी सकाळ पेटी उघडून बसली होतीस. झाल्यावर इतकी खूश होतीस. मग कशाला सांगायचं?”

ती सकाळ मला आठवते. थंडी सुरू होण्याच्या आधीची. पांढरी दोन मला चढी वाटायला लागली होती. चांगलीच चढी, टोचणारी. मी आप्पांची कानस काढली. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे आपल्याला पाढ्यांच्या आधी शिकवलं होतं. मी पत्ती मुळाशी घासली. थोडी, मग अजून थोडी. कानाला गोड लागेपर्यंत. मोबाइलवर सूर दाखवणारं यंत्र असतं हे मला माहीत नाही असं नाही. पण आप्पांच्या दुकानात यंत्रावर सूर बघणं म्हणजे भाकरी शेजारणीला भाजायला देण्यासारखं होतं. मी माझ्या कानाने सूर लावला, माझ्याच कानाने तपासला आणि मुलांना त्यावर बसवलं. सूर उतरला नव्हता, ताई. मी उतरवला.

आणि तुला ते हवेचं लिहिलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. तू गेल्यावर दोन दिवसांनी मी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले होते. तिथे एक बंद काचेची खोली असते. कानाला यंत्र लावतात आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी आयुष्यात परीक्षेत कधी मान वळवली नाही. तिथे मी कॉपी केली. काचेतून डॉक्टरीणबाईंच्या हाताकडे बघायचे आणि हात हलला की बटण दाबायचे. त्यांच्या ते लक्षात आलं. त्या उठल्या, मला हळूच पाठमोरं बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

डावा कान खालच्या सुरांना जवळजवळ गेला आहे. उजवाही त्याच वाटेवर आहे, सावकाश. कानातल्या पाण्याचं काहीतरी आहे, गोळ्या दिल्या आहेत. कधी थांबतं, बहुतेकांचं थांबत नाही. एकच सूर माझ्या दोन कानांना दोन वेगळे ऐकू येतात, आणि दोन्ही चुकीचे. फोनवर मला अर्धं बोलणं कळत नाही, म्हणून फोन करू नकोस म्हटलं होतं. घंटी बिघडलेली नाही.

हे तुला पहिल्याच पत्रात का लिहिलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. तू ‘बिचारी’ म्हणशील याची भीती होती, हे एक. दुसरं मला जास्त खरं वाटतं. आप्पांनी मला एकच गोष्ट दिली होती. ती गेल्याचं मान्य केलं तर त्यांच्या वाटणीत माझ्या हातात काय उरलं?

पण मला झोंबलं ते हे नाही. गोटूला कोणीतरी ओठ हलवायला सांगितले म्हणून मी दोन मुलांना शाळेतून काढलं, लोकांची बोलणी खाल्ली, तुझ्याशी वाकडं घेतलं. आणि माझ्याच घरात, माझ्याच पेटीसमोर, माझी मुलगी सगळी थंडी खोटा सूर लावत होती. आईचं मन राखायला. मागच्या रांगेत उभं न करताही मी तिला ओठ हलवायला लावलेच की. हे कळल्यावर मी बोळात तशीच बसून राहिले. गोटूने चिकटपट्टीचा एक तुकडा माझ्या गुडघ्याला लावला आणि म्हणाला, झालं, आता दुखणार नाही.

आता तू लेखणी उचलण्याआधी पुढचं वाच. तुझ्या मनात आलं असेल, की हिने माझीच बाजू सिद्ध केली, आता तरी पाठव. मी त्या बाजूनेही विचार केला, माझ्या सवयीप्रमाणे. बहिरी होत चाललेली बाई मुलांना गाणं शिकवते हे ऐकायला विनोदी आहे, मान्य. पण तू लिहिलंस मोठीचा कान वाया गेला. ताई, त्या मुलीने चार महिने दोन गंधार एकमेकांत न मिसळता सांभाळले. एक आईसाठी, एक स्वतःसाठी. बोटभर अंतर तिने भिंतीवर मोजून काढलंय. तुझ्या वर्गातल्या किती मुलांना हे जमेल? मला तरी त्या वयात जमलं नसतं, आणि मी तर कान होते.

हा कान माझ्या घरात तयार झाला. कसा, ते मला पूर्ण सांगता येत नाही. पण वाया गेला असं मी कोणालाही म्हणू देणार नाही. तुलाही नाही.

काल आम्ही पेटी उघडली. पत्ती काढली. कानस माझ्या हातात आणि टिटवी समोर, फोनवरचा तुझा तो तानपुरा लावून. मी टोकाला घासायचे, पत्ती बसवायचे, ती भाता मारून ऐकायची. “अजून,” म्हणायची. मी पुन्हा काढायचे, पुन्हा घासायचे. “अजून.” मला काही कळत नव्हतं, ताई. मला तो सूर चढत चढत टोचायला लागला, माझा हात थांबला, आणि ती म्हणाली, “आई, अजून.” मी घासलं. मग ती म्हणाली, “बास.” आणि रडली. घासलेलं पितळ परत येत नाही, दोन्हीकडून घासल्याने पत्ती पातळ झाली आहे, पुन्हा चूक करायला तिच्यात जागा नाही. पण सूर खरा आहे म्हणतात.

मला तो अजून चढाच वाटतो. तसाच वाटत राहणार. आणि मी त्याला बरोबर म्हणणार आहे, रोज.

त्याच दिवशी घरात एक नियम केला. ज्याला चुकीचं ऐकू येईल त्याने तिथल्या तिथे मोठ्याने सांगायचं, समोर कोणीही असो. गोटूला हा नियम फार आवडला. त्याने पहिल्या तासाभरात बापाची शीळ, कुकरची शिट्टी आणि खालच्या डॉक्टरांचं यंत्र, सगळं उतरलंय असं जाहीर केलं. तुझे मेहुणे आधी तुझ्याच बाजूचे होते, एक वर्ष ताईंकडे राहू दे म्हणत होते. आता तसं म्हणत नाहीत. काल रात्री एवढंच म्हणाले, की मोटर कुठे रडते ते त्यांना कित्येकदा कानाने कळत नाही, हात ठेवल्यावर कळतं. आणि माझा हात उचलून पेटीच्या पाठीवर ठेवला. मी म्हटलं, मी लिफ्ट नाही. पण हात काढला नाही.

मुलं जाणार नाहीत. हे मी आता घाबरून लिहीत नाहीये.

तुझी धाकटी,
(आप्पांचा कान, जेवढा उरलाय तेवढा)


रविवार, १७ मार्च

प्रिय ताई,

भावोजींना वाढदिवसाच्या उशिराने शुभेच्छा. भेट टिटवीने काढली आहे, सोबत पाठवतेय. चित्रात भावोजींना टक्कल जास्त दिसतं, पण ती म्हणते जे दिसलं ते काढलं. आमच्याकडे सध्या हा नियम आहे.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण तपासणी होईपर्यंत मला कोणाचंही सांत्वन नको होतं. तू ‘बिचारी’ लिहिलं नाहीस. ‘मूर्ख’ लिहिलंस. त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे.

तपासनीस बाई गुरुवारी आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात. आदल्या दिवशी तुझे मेहुणे म्हणत होते, कानाचं सांगू नकोस, त्या गणित-भाषा बघतील, दोन गाणी ऐकतील आणि जातील. विचारलं तर सांग. मी त्यावर विचार केला. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नाही, असं माझ्यातली एक बाई म्हणत होती. पण मग टिटवीला काय सांगितलं होतं? नियम कुठवर लागू? म्हणून बाईंनी चपला काढल्या, पाणी घेतलं आणि मी सांगून टाकलं. “मी यांना गाणं शिकवते आणि मला सूर बरोबर ऐकू येत नाही. तुम्ही माझ्याकडे तोंड करून बोलाल तर बरं पडेल.”

त्यांनी पेला खाली ठेवला. तुझे मेहुणे छताकडे बघत होते.

गणित आणि भाषा झाली. चित्रांच्या वह्या पाहून झाल्या. मग त्या बोळात गेल्या आणि बराच वेळ कागद बघत उभ्या राहिल्या. एका खुर्चीसमोर वाकून चष्मा लावला. मग म्हणाल्या, गा.

टिटवी गायली. कशी गायली ते मला तुला सांगता येणार नाही. मी भिंतीला टेकून तिच्या गळ्याकडे बघत होते. मग गोटू गायला, दातातल्या खिंडीसकट. मध्येच टिटवीने हात वर केला. “चढलास.” तो म्हणाला, “माहितीये, थांब,” आणि मागे जाऊन पुन्हा आला. परक्या बाईसमोर, भर परीक्षेत. ना तो लाजला, ना ती.

बाई माझ्याकडे वळल्या. तोंड नीट समोर धरून, सावकाश बोलल्या. “आता त्याचं कुठे चुकलं ते तुम्ही सांगू शकाल?”

“नाही.”

“मग तुम्ही शिकवता काय?”

मी रात्रंदिवस घोकलेली उत्तरं होती माझ्याजवळ, कला आणि बालमन वगैरे. त्यातलं एकही दिलं नाही. मी म्हटलं, “ऐकायला शिकवते. आणि ऐकू आलेलं माझ्या तोंडावर सांगायला.” मग वाटलं, हे फार गुळगुळीत झालं, म्हणून पुढे म्हटलं, “पेटी कशी उघडायची तेही शिकवते. आणि सूर कोणत्या टोकाला घासल्यावर चढतो ते.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्यांच्या नोकरीत त्यांनी अशा पुष्कळ शिक्षिका पाहिल्या ज्यांना सगळं ऐकू येतं. वाक्य तिथेच सोडलं. मग त्यांनी निर्णय सांगितला. मुलं आणखी एक वर्ष घरी शिकतील. अट एकच. महिन्यातून एकदा, ज्याला उत्तम ऐकू येतं अशा जाणकाराने मुलांचं गाणं ऐकायचं आणि काय चुकतंय ते सांगायचं. ते झालं नाही तर वर्ष संपताना शाळा. असं कोणी आहे का तुमच्याकडे, त्यांनी विचारलं.

मी तुझं नाव सांगितलं. तुला न विचारता. त्याची माफी मागत नाही, कारण दुसरं कोणाचं सांगितलं असतं तर तू मला आयुष्यभर बोलली असतीस.

तेव्हा ये. पण माझ्या अटींवर. महिन्यातून एका रविवारी, सकाळच्या बसने, गुडघ्याला पट्टी बांधून. बोळात तुझ्यासाठी खुर्ची ठेवीन, खरी, लाकडाची. मुलांचं चुकलं की तिथल्या तिथे सांग, घरी जाऊन पानं भरून लिहू नकोस. कोणालाही ओठ हलवायला सांगायचं नाही. कोणाचाही कान वाया गेला असं म्हणायचं नाही. माझंही चुकेल, तेही मुलांसमोर सांग. त्यांना ते बघू दे. आणि तुझं चुकलं तर गोटू सांगेल, मी त्याला अडवणार नाही. तो तुझा तानपुराही उतरलेला आहे म्हणेल, त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस.

या अटी मान्य नसतील तर सरळ तसं लिही. मी दुसरं कोणी शोधीन. खालच्या डॉक्टरांच्या आई एके काळी व्हायोलिन वाजवायच्या असं कळलंय, मी त्यांच्याकडेही जाईन. तू आली नाहीस तर मला वाईट वाटेल, पुष्कळ वाटेल, पण मुलं तुझ्या मागच्या खोलीत राहायला येणार नाहीत.

आता एक गोष्ट तुझ्या बाजूची, कारण ती खरी आहे. टिटवीला गळा आहे. बाई गेल्यावर तुझे मेहुणे म्हणाले, आवाज तुझ्या ताईसारखा आहे. सूर कसा ऐकायचा ते माझ्याकडून तिला मिळालं, पण श्वास कुठे घ्यायचा, आवाज कुठून काढायचा, ते माझ्याजवळ कधीच नव्हतं आणि पुस्तकात मिळत नाही. ते तुझ्याकडे आहे. तिला ते दे. ती तुझ्याकडे शिकायला बसेल तेव्हा मी शेजारी बसून भाता मारीन. मला हेवा वाटेल की नाही, याचा विचार केला. वाटेल. चालेल.

काल तिने मला विचारलं, आप्पाआजोबांनी आमची वाटणी केली असती तर तिच्या वाट्याला काय आलं असतं, गळा की कान? मी म्हटलं, आमच्याकडे वाटणी करत नाहीत. ती कानस घेऊन गेली. तिला पेटीचे बाकीचे सूर तपासायचे आहेत, म्हणते दोन-तीन संशयास्पद आहेत. मी तिला एवढंच सांगितलं, की आधी ऐक, मग घास.

खाली सही करताना जुन्या सवयीने हात पुढे गेला होता, पण ते नाव आता माझं नाही, आणि नसलं तरी मी आहे.

रविवारची वाट बघते. घंटी वाजव, दिवा लागेल.

तुझी,
नुसती धाकटी